बूटलोडर अनलॉक आहे म्हणून हार्डवेअरची वॉरंटी नाकारू नका: ग्राहक व्यवहार विभागाला आणि फोन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली
तसेच भारतात स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे सर्व्हिस विभाग

विषय: बूटलोडर अनलॉक केलेल्या फोनची वॉरंटी तपासणीविना नाकारण्याची पद्धत बंद करण्याबाबत

महोदय/महोदया,

फोन वॉरंटीत आहे. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना अँड्रॉइड तपासून चालू करणारा प्रोग्राम, मालकाने अनलॉक केला आहे, म्हणजे त्यावर कंपनीबाहेरचे सॉफ्टवेअरही चालू शकते. चार्जिंगचा पोर्ट सैल झाला आहे, केबल एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज होतो. काउंटरवरचा तंत्रज्ञ फोन बंद करतो, व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर ही बटणे दाबून धरतो, पडद्यावर ‘अनलॉक्ड’ हा शब्द उमटतो आणि तपासणी तिथेच संपते. जॉब शीटवर ‘सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा पडतो आणि ग्राहकापुढे दुरुस्तीचा दर ठेवला जातो. पोर्टमध्ये भिंगाने कोणी डोकावूनही पाहिलेले नसते.

देशभरात सर्रास चालणारी ही पद्धत बंद व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बिघाड कशामुळे झाला हे तपासावे आणि त्यावरून वॉरंटी द्यायची की नाही ते ठरवावे. बूटलोडर लॉक आहे की अनलॉक, ही माहिती त्या तपासणीत उपयोगी पडू शकते, पण ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

आधी अनलॉक केल्यावर फोनमध्ये नेमके काय बदलते ते सांगायला हवे, कारण वॉरंटीच्या अटी लिहिणाऱ्यांनी आणि काउंटरवर बसणाऱ्यांनी ते समजून घेतलेले दिसत नाही. फोन सुरू होताना चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा कोड सर्वांत आधी चालतो. तो कोणालाही बदलता येत नाही. पुढच्या टप्प्याच्या फर्मवेअरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तो तपासतो. ही सही कोणत्या किल्लीशी जुळायला हवी त्याची खूण चिपमधल्या फ्यूजमध्ये एकदाच जाळून ठेवलेली असते. तो टप्पा त्याच्या पुढच्याला तपासतो आणि असे करत शेवटी बूटलोडर अँड्रॉइडचे कर्नल (सिस्टिमचा गाभा) व सिस्टिम तपासून त्यांना चालू करतो. अनलॉक केल्यावर या साखळीची फक्त शेवटची कडी सैल होते. कर्नल आणि सिस्टिम यांवर कंपनीचीच सही हवी हा आग्रह बूटलोडर सोडतो. त्याआधीचे टप्पे, प्रोसेसरमधला सुरक्षित भाग, मोडेमचे फर्मवेअर यांना कंपनीची सही पूर्वीसारखीच लागते. क्वालकॉमच्या चिपवर चालणाऱ्या बहुतेक फोनमध्ये रचना अशीच असते.

म्हणजे अनलॉक करताना बदलते ती साठवणुकीच्या एका कोपऱ्यातली नोंद. तेवढ्याने व्होल्टेज वाढत नाही, चार्जिंगचा वेग बदलत नाही, अँटेनाची ताकद हलत नाही. अनलॉक करून कंपनीचेच अँड्रॉइड तसेच ठेवले तर फोन आदल्या दिवशी चालत होता तसाच चालतो. सुरू होताना नारंगी इशारा दाखवतो आणि काही सेकंद जास्त घेतो. घराच्या दाराचे कुलूप मालकाने बदलले म्हणून छत गळण्याची जबाबदारी बिल्डरवरून उतरत नाही, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

‘छेडछाड’ या शब्दालाही आमची हरकत आहे. गुगलच्या पिक्सेलमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ हे बटण कंपनीनेच दिलेले आहे. ते चालू करून फोन संगणकाला जोडायचा, ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ आणि मग ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ या दोन आज्ञा द्यायच्या (फास्टबूट म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधी संगणकावरून बूटलोडरशी बोलण्याची अवस्था), फोनच्या पडद्यावर व्हॉल्यूम बटणाने पर्याय निवडायचा आणि पॉवर बटणाने होकार द्यायचा. फोनमधला सगळा डेटा त्याच क्षणी पुसला जातो. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे: फोन चोरणाऱ्याला अनलॉकच्या वाटेने मालकाचे फोटो आणि कागदपत्रे मिळू नयेत.

मोटोरोलाच्या फोनमध्ये आधी फास्टबूटमधून अनलॉकची माहिती मागवावी लागते. ती अनेक ओळींत तुटून येते, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘बूटलोडर’ हा शब्द कंसात असतो. तो काढून, मध्ये एकही मोकळी जागा न ठेवता ओळी जोडायच्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाकायच्या. मग ईमेलने कोड येतो. कोड नाकारला गेला तर बहुतेक वेळा एखादी मोकळी जागा राहून गेलेली असते. शाओमीत आता कंपनीच्या कम्युनिटी अ‍ॅपमधून परवानगी मागावी लागते. रोजचा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला, नव्याने सुरू होतो आणि बघता बघता संपतो. २०२५ पासून एका खात्यावर वर्षाला एकच फोन अनलॉक करता येतो. अर्ज कंपनीकडे, खाते कंपनीचे, कोड कंपनीचा. कंपनीने स्वतः दिलेल्या दारातून, तिच्या नोंदवहीत नाव लिहून आत गेलेल्या माणसाला घुसखोर कसे म्हणता येईल?

अनलॉकनंतर बसवलेले सॉफ्टवेअर हार्डवेअरला कधीच इजा करू शकत नाही, असा दावा आम्ही करत नाही. तो खोटा ठरेल. कर्नलमध्ये चार्जिंगचा कमाल करंट आणि बॅटरीचे कमाल व्होल्टेज या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या वाढवलेले कर्नल टाकले तर बॅटरीचे आयुष्य घटते. स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाच्या कॉइलचे तापमान अंदाजून आवाज आवरता घेतो. ते गणित बंद करून आवाज वाढवणारे मॉड्यूल, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करणारे जोड-सॉफ्टवेअर, बसवले तर कॉइल जळू शकते. ओलेड पडदा कायम कमाल ब्राइटनेसवर ठेवणाऱ्या युक्त्यांनी त्यावर डाग पडतात. हे प्रकार घडतात आणि अशा बिघाडाचा खर्च कंपनीने सोसावा, असे आम्ही म्हणत नाही.

पण हे प्रकार ओळखता येतात आणि त्यांना मर्यादाही आहेत. बॅटरीच्या पॅकवर स्वतःची संरक्षक पट्टी असते. व्होल्टेज हद्दीबाहेर गेले की ती कर्नलला न विचारता पुरवठा तोडते. प्रोसेसर फार तापला तर चिप स्वतःच फोन बंद करते. लिनिएजओएससारख्या, अँड्रॉइडच्या पर्यायी आवृत्त्या बनवणाऱ्या प्रकल्पांची कर्नलेही कंपन्यांनी जीपीएल या मुक्त सोर्सकोडच्या परवान्याखाली खुल्या केलेल्या सोर्सकोडवरून बनतात. चार्जिंगचे आकडे सहसा कंपनीचेच राहतात. त्यामुळे ‘कस्टम रॉम (कंपनीबाहेर बनलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाकली म्हणून बॅटरी फुगली’ असे म्हणणाऱ्याने कोणता आकडा बदलला होता ते दाखवायला हवे. बॅटरी फुगते ती आतल्या इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू साठल्यामुळे. उष्णता, वय, उत्पादनातला दोष, निकृष्ट चार्जर, आपटलेला फोन यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि लॉक असलेल्या फोनच्या बॅटऱ्याही रोज फुगतात.

पडद्यावरच्या हिरव्या रेघेचेच पाहा. ओलेड पॅनेलच्या कडेला ड्रायव्हर चिप आणि केसाएवढ्या वाटांची लवचिक पट्टी यांचा जोड असतो. तो जोड उष्णतेने किंवा ताणाने कमकुवत झाला की पिक्सेलच्या एका उभ्या रांगेवरचा ताबा सुटतो आणि रेघ उमटते. सॅमसंग आणि वनप्लस या दोन्ही कंपन्यांनी भारतात या तक्रारीवर ठरावीक मॉडेल्सचे पडदे मोफत बदलून देण्याच्या योजना जाहीर केल्या. हा दोष पडद्याच्या बाजूचा आहे, हे उद्योगाला पुरेपूर ठाऊक आहे. मग तीच रेघ अनलॉक केलेल्या फोनवर आली की तिचे कारण सॉफ्टवेअर कसे होते?

खरे कारण शोधणे अवघड नाही. कोणत्याही अधिकृत सेंटरमध्ये असलेल्या साधनांनी अर्ध्या-पाऊण तासात होणारी तपासणी इथे मुद्दाम सविस्तर लिहितो, म्हणजे ‘व्यवहार्य नाही’ हे उत्तर येणार नाही.

फोन फास्टबूटच्या पडद्यावर न्यायचा आणि थोडा वेळ तिथेच ठेवायचा. या वेळी अँड्रॉइड सुरूच झालेले नसते. ग्राहकाने टाकलेले कर्नल, रॉम, मॉड्यूल यातले काहीही चालत नसते. चालतो तो कंपनीने सही केलेला बूटलोडर. पडद्यावरची रेघ, डाग, अर्धा काळा पडदा इथेही दिसला तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या जोडणीचा. व्हॉल्यूम बटणाने पर्याय पुढे सरकत नसेल तर दोष बटणाचा किंवा त्याच्या पट्टीचा. मग फोन पूर्ण बंद करून यूएसबी मीटर मध्ये लावून चार्जर जोडायचा आणि केबल हलक्या हाताने वर-खाली करायची. मीटरवरचा आकडा शून्यावर पडून परत येत असेल तर पोर्टच्या पिना किंवा त्याचे टाके गेलेले आहेत. इथे भिंग लावून पाहिले की बऱ्याचदा खिशातला कापूस दाबून बसलेला सापडतो. तो काढला की काम झाले, वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही. पाणी गेल्याची शंका असेल तर सिमच्या खाचेतला पांढरा निर्देशक लाल झाला आहे का, ते पाहायचे.

एवढ्याने निदान झाले नाही, म्हणजे तक्रार माइक, कॅमेरा, नेटवर्क, बॅटरी लवकर उतरणे अशा अँड्रॉइड सुरू असतानाच कळणाऱ्या गोष्टींची असेल, तर डेटा पुसला जाण्याला ग्राहकाची लेखी संमती घेऊन कंपनीचे मूळ फर्मवेअर टाकायचे. फोन सुरू करून तोच दोष पुन्हा तपासायचा. गेला असेल तर तो सॉफ्टवेअरचा होता. ग्राहकाने फर्मवेअर टाकण्याची मजुरी द्यावी. राहिला असेल तर हार्डवेअर तपासून वॉरंटीत दुरुस्त करावे. जळलेला स्पीकर किंवा डागाळलेला पडदा अशा थोड्या तक्रारींमध्येच याच्या पुढे जावे लागेल. तिथे मूळ फर्मवेअर टाकण्याआधी फोनवर कोणते कर्नल आणि कोणती मॉड्यूल होती याची नोंद घेऊन ठेवली की निर्णय पुराव्यावर होतो.

आता ब्रिक झालेल्या, म्हणजे सुरूच न होणाऱ्या फोनबद्दल, कारण कंपन्यांचा सर्वांत मोठा आक्षेप तोच असतो. ग्राहकाने चुकीची फाइल टाकली आणि फोन सुरू होईना, तर तो उत्पादनातला दोष नाही. मान्य. तरीही अशा वेळी ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणून फोनच्या किमतीच्या जवळ जाणारे एस्टिमेट हातात ठेवणे चूक आहे. क्वालकॉमचे फोन अगदी बूटलोडर पुसला गेला तरी सहसा ईडीएल या आपत्कालीन अवस्थेत जातात आणि संगणकाला ९००८ या क्रमांकाने दिसतात. कंपनीची सही असलेला लोडर आणि अधिकृत खाते वापरून तिथून पूर्ण फर्मवेअर परत टाकता येते. हे खाते सर्व्हिस सेंटरकडे असते, ग्राहकाकडे नसते. मग काम मजुरीचे असताना बोर्डाची किंमत का मागायची?

काही फोन मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणापेक्षा माहिती न मिळाल्याने मेले आहेत. २०१८ मध्ये भारतात तडाखेबंद विकल्या गेलेल्या रेडमी नोट ५ प्रोमध्ये एका अपडेटसोबत अँटी-रोलबॅक आले. फर्मवेअरची आवृत्ती कमी होऊ नये म्हणून चिपमध्ये एक आकडा कायमचा पुढे सरकला. त्यानंतर कंपनीचीच, कंपनीच्याच सहीची जुनी फाइल टाकणाऱ्यांचे फोन जागीच ठप्प झाले. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ ही आज्ञा देऊन आलेला आकडा आणि फाइलमधला आकडा ताडून पाहिला असता तर ते टळले असते, पण असे करायचे असते हे सामान्य ग्राहकाला कोण सांगणार? पिक्सेल ६ मालिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ सोबत हेच आले, तेव्हा गुगलने डाउनलोडच्या पानावरच आधी इशारा लावला. सर्वच कंपन्यांनी तसे करायला हवे.

यापेक्षाही चिंतेची गोष्ट म्हणजे वॉरंटीचे हे धोरणच नवे ब्रिक तयार करते. सर्व्हिस सेंटरला कळू नये म्हणून लोक जाण्याआधी घाईघाईने बूटलोडर पुन्हा लॉक करतात. फोनवर कस्टम रॉम, रूट केलेले (सिस्टिमवर पूर्ण ताबा देणारे) कर्नल किंवा दुसऱ्या देशाची रॉम असताना लॉक केले की बूटलोडर सही तपासतो, ती जुळत नाही आणि फोन सुरू व्हायला नकार देतो. लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून फाइलही टाकता येत नाही. चीनसाठीच्या शाओमी फोनवर ग्लोबल रॉम टाकून लॉक करणाऱ्यांची गत नेमकी हीच होते. लॉक करण्याचा सुरक्षित क्रम एकच: आधी त्याच मॉडेलचे, त्याच प्रदेशाचे, चालू आवृत्तीपेक्षा जुने नसलेले पूर्ण फर्मवेअर टाकायचे, फोन एकदा पूर्ण सुरू करून सगळे ठीक आहे ना ते पाहायचे, ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण चालूच ठेवायचे, आणि मगच ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’. ‘लॉक करून आणा, मग बघू’ असे काउंटरवरून सांगितले जाते तेव्हा हा क्रम कोणी समजावत नाही. चार्जिंग पोर्टसाठी आलेला चालता फोन मग मेलेला म्हणून परत येतो.

सॅमसंगच्या फोनमध्ये तर लॉक करूनही उपयोग नाही. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज सही नसलेले कर्नल टाकताच जळतो आणि डाउनलोड मोडच्या पडद्यावर ‘वॉरंटी व्हॉइड’ या ओळीतला शून्य जाऊन एक येतो. तो बोर्ड बदलेपर्यंत तसाच राहतो. सिक्युअर फोल्डरसारख्या सेवा त्या फोनवर कायमच्या बंद होतात. सुरक्षेसाठी अशी पक्की नोंद ठेवण्याला आमचा विरोध नाही. ऑफिसचा डेटा ठेवणाऱ्या फोनमध्ये ती हवीच. मात्र सुरक्षेच्या नोंदीला वॉरंटीचे नाव देणे आणि त्या एका आकड्यावर सैल बटणाचा निकाल लावणे चुकीचे आहे.

लॉकचे फायदे आम्ही नाकारत नाही. अनलॉक फोन हाती लागलेल्या माणसाला त्यात बदललेले कर्नल घालता येते. मधल्या विक्रेत्यांनी जाहिराती आणि मालवेअर भरलेल्या रॉम टाकून फोन विकले, हेच कारण शाओमीने २०१६ मध्ये बूटलोडर लॉक करताना दिले होते आणि ते खरे होते. बँकांची काही अ‍ॅप अनलॉक फोनवर चालत नाहीत, वाइडवाइन या व्हिडिओ-संरक्षण यंत्रणेचा दर्जा एल१ वरून एल३ वर घसरला की चित्रपट ४८० पी च्या आसपास अडकतात. हे तोटे अनलॉक करणारा जाणूनबुजून पत्करतो आणि त्यासाठी कोणाकडे भरपाई मागत नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बदलणे हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली तो ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. बूटलोडर अनलॉक करण्याने आयएमईआय बदलत नाही. या दोन गोष्टी एका वाक्यात गुंफून ग्राहकाला घाबरवणाऱ्या सूचना सर्व्हिस सेंटरच्या भिंतींवरून उतरल्या पाहिजेत.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये ‘अन्याय्य करार’ म्हणजे काय ते दिले आहे: ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात टाकणारा करार त्यात येतो आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने अतिरेकी दंड लावणाराही. सॉफ्टवेअरमधल्या एका नोंदीसाठी पडदा, बॅटरी, पोर्ट, कॅमेरा या सगळ्यांची वॉरंटी एकदम काढून घेणे या व्याख्येत बसते, असे आमचे मत आहे. अडचण पुढची आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आपल्या जिल्हा आयोगात करू शकतो, पण करारातली अटच अन्याय्य आहे असे म्हणायचे तर कायद्याने राज्य आयोगाकडे जावे लागते. १५ हजारांच्या फोनसाठी गडचिरोलीचा किंवा सिंधुदुर्गाचा माणूस राज्य आयोगापर्यंत जाणार आहे का? म्हणूनच एकेका ग्राहकाच्या खटल्यावर हे सोडू नये. प्राधिकरणाला कलम १८ खाली मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार आहे. २०२३ मध्ये डार्क पॅटर्न्सविरुद्ध (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांविरुद्ध) तो वापरला गेलाच आहे.

विभागाची भूमिकाही या दिशेचीच आहे. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमताना, बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी जाईल अशा अटींवर विभागानेच बोट ठेवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झाले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाच्या समितीने अहवाल दिला. त्यातल्या सहा निकषांत फोन उघडण्यातली सुलभता, माहिती, सुटे भाग, हत्यारे, स्क्रू आणि सॉफ्टवेअर अपडेट आहेत. बूटलोडरला त्यात स्वतंत्र स्थान नाही आणि आमच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. अपडेट थांबलेल्या फोनला सुरक्षित ठेवायचा मार्ग बूटलोडरमधूनच जातो.

परदेशात हे कसे हाताळतात? अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार विशिष्ट ब्रँडचेच सुटे भाग किंवा सेवा वापरण्याची अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना त्यावरून पत्रे धाडली. युरोपीय संघात वस्तू घेतल्यापासून वर्षभरात दिसलेला दोष मुळातलाच आहे असे गृहीत धरतात; उलट सिद्ध करणे विक्रेत्याचे काम. २० जून २०२५ पासून तिथे विक्री थांबल्यावरही ५ वर्षे अपडेट आणि ७ वर्षे सुटे भाग देणे बंधनकारक झाले. फेअरफोन ही युरोपातली फोन कंपनी तर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी वॉरंटी देतो.

अनलॉकची दारेच बंद करून प्रश्न मिटवणे हे मात्र उत्तर नव्हे. हुवावेने २०१८ मध्ये कोड देणे थांबवले, सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ८ या आपल्या सॉफ्टवेअर आवृत्तीसोबत अनलॉकचा पर्याय काढून घेतला. वॉरंटीचा नियम आला आणि उरलेल्यांनीही दार लावून घेतले तर ग्राहक आणखी मागे जाईल. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र यायला हव्यात.

प्राधिकरणाकडे आमची मागणी अशी. मार्गदर्शक तत्त्वे काढून पुढील मजकूर वॉरंटी कार्डावर मराठीसह ग्राहकाच्या भाषेत छापणे बंधनकारक करावे: ‘बूटलोडर अनलॉक केल्याने हार्डवेअरची वॉरंटी रद्द होत नाही. अनलॉकनंतर बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळेच बिघाड झाला, असे कंपनीने तपासणीच्या नोंदीसह लेखी दाखवल्यास तेवढ्या बिघाडापुरती वॉरंटी लागू राहणार नाही.’ वॉरंटी नाकारताना केलेल्या चाचण्या आणि त्यांचे निष्कर्ष जॉब शीटवर लिहिलेच पाहिजेत. सॉफ्टवेअर परत टाकण्याची मजुरी काउंटरवर लावावी आणि ती बोर्डाच्या किमतीशी जोडू नये. प्रत्येक मॉडेलचे पूर्ण फर्मवेअर अँटी-रोलबॅकच्या आकड्यासह कंपनीच्या संकेतस्थळावर असावे. फोन अनलॉक करता येतो की नाही, हे खोक्यावर छापावे. आणि ज्या दिवशी सुरक्षा अपडेट थांबतील त्या दिवसापासून कोटा, खाते, प्रतीक्षा यातले काहीही न लावता अनलॉक खुले करावे. सुस्थितीतला फोन केवळ अपडेट नाहीत म्हणून भंगारात जाणे हे २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या हेतूशीही विसंगत आहे.

नियम येईपर्यंत ग्राहकांनी काय करावे, हेही इथेच नोंदवतो. अनलॉक करण्याआधी फोनची अवस्था, बिल आणि आयएमईआय यांचे फोटो काढून ठेवा. रूट केल्याबरोबर, रॉम टाकण्याच्या आधी, पर्सिस्ट आणि मोडेमची विभाजने, म्हणजे साठवणुकीचे वेगळे भाग, संगणकावर उतरवून घ्या. क्वालकॉमच्या चिपवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ आणि एफएसजी, मीडियाटेकच्या चिपवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा. आयएमईआय आणि सेन्सरचे कॅलिब्रेशन यांतच असते. ती एका फोनची दुसऱ्यात टाकू नका आणि इंटरनेटवर कुठेही चढवू नका. दुरुस्तीला देताना दोष फास्टबूटच्या पडद्यावर दिसत असल्यास त्याचा व्हिडिओ घ्या. बूटलोडर लपवू नका आणि घाईने लॉक तर मुळीच करू नका. वॉरंटी नाकारली तर कारण जॉब शीटवर लेखी मागा; तोंडी नकाराला आयोगापुढे काडीची किंमत नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर ई-जागृती पोर्टलवरून, राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, २ वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तशी मागणी तक्रारीतच करा, कारण सॉफ्टवेअर की हार्डवेअर या वादाचा निकाल तिथेच लागतो.

वर लिहिलेली तपासणी विभागाच्या आणि कंपन्यांच्या अभियंत्यांसमोर, त्यांनी निवडलेल्या फोनवर करून दाखवायला आम्ही तयार आहोत. दिवस आणि ठिकाण आपण कळवावे.

आपले,
अँड्रॉइड फोनची दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर यांत काम करणारे तंत्रज्ञ
महाराष्ट्र